चिमट्याचं तोंड कुणीकडे?

रक्त तपासल्यावर मिळणाऱ्या कागदावर कधी कधी < 11 असं छापलेलं असतं. आज ही खूण वाचायला शिकू.

चुलीजवळचा चिमटा आडवा ठेवलाय असं समजा. त्याचं उघडं तोंड नेहमी मोठ्या आकड्याकडे, मिटलेलं टोक लहान आकड्याकडे. वाचायचं डावीकडून उजवीकडे. 9 < 11 म्हणजे नऊ हे अकरापेक्षा कमी. 12 > 11 म्हणजे बारा हे अकरापेक्षा जास्त. नुसतं < 11 असेल, तर 'अकरापेक्षा कमी' असं वाचायचं.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन < 11 असलं, तर तिला रक्तक्षय आहे असं धरतात. गरोदर नसलेल्या बाईसाठी < 12 बघायचं. आणि गरोदर बाईचं < 7 म्हणजे तीव्र रक्तक्षय. तेव्हा घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

टिंब असलं की गोंधळ होतो. 9.8 हे अठ्ठ्याण्णव नव्हे. आधी टिंबाच्या डावीकडचा आकडा बघा. नऊ अकरापेक्षा लहान, म्हणून 9.8 < 11. तसंच 10.9 सुद्धा अकरापेक्षा कमीच.

आज घरी आपला कागद काढा. डावीकडे आपला आकडा लिहा, उजवीकडे 11 किंवा 12, आणि मध्ये चिमटा काढा. टोक आपल्या आकड्याकडे आलं, तर उद्याच आशाताईंना कागद दाखवा. लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या, ते विचारून घ्या. सासूबाईंचा, लेकीचा कागदही असाच वाचा बरं का!