क्लॅरिओनेटचा सूर

लग्नाची वरात रस्त्यावर आली की बँडमधील इतर वाद्यांच्या गलबल्यातून जे काळे, लांबट, रुपेरी चाव्यांचे वाद्य गाण्याची चाल उचलून धरते, ते क्लॅरिओनेट आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. संस्थानी काळात बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील पलटणींच्या बँडांतही ते वाजत असे. परंतु ‘क्लॅरिओनेट म्हणजे कर्कश वाद्य’ असा एक समज आपल्याकडे रूढ झाला आहे, आणि तो त्या वाद्यावर अन्याय करणारा आहे. याच वाद्यासाठी मोझार्टने १७९१ साली, म्हणजे आपल्या मृत्यूच्याच वर्षी, आन्टोन श्टाडलर या वादक मित्राकरिता एक कॉन्चेर्टो रचला. त्यातील संथ भाग ऐकणाऱ्याला हे वाद्य मानवी कंठाच्या किती जवळ जाऊ शकते याची साक्ष पटते. तेव्हा कर्कशपणा वाद्यात नसून वाजविण्याच्या रीतीत आहे, आणि रीत सुधारता येते.

प्रथम या वाद्याचा स्वभाव पाहू. न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर याने इसवी सन १७०० च्या सुमारास ते घडविले असे मानतात. बासरी किंवा सनई अधिक दाबाने फुंकली की मूळ षड्जावरून सूर तार षड्जावर उडी घेतो. क्लॅरिओनेटची नळी आतून बहुतांशी सरळ आणि तोंडाच्या बाजूने बंद नळीसारखी वागणारी असल्यामुळे, अंगठ्याजवळची चावी दाबताच सूर षड्जावरून तार सप्तकातल्या पंचमावर जातो. मधले सारे स्वर भरून काढण्यासाठी बोटे अपुरी पडतात, म्हणून चाव्या वाढल्या. क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८३९ साली पॅरिसमध्ये पुढे आणलेली रचना आज बहुतेक ठिकाणी प्रचलित आहे. तिच्या नेहमीच्या नमुन्यात १७ चाव्या आणि ६ कड्या असतात.

या उडीपाशीच शिकाऊ वादक अडखळतो. बहुतेक छिद्रे उघडी असताना निघणारा स्वर पोकळ आणि फिका असतो, आणि त्याच्या पुढच्याच स्वरासाठी सगळी छिद्रे एकदम झाकावी लागतात. त्यावरचा उपाय सोपा आहे. तो फिका स्वर वाजवितानाच उजव्या हाताची बोटे आधीच छिद्रांवर ठेवावीत. त्यामुळे त्या स्वराला थोडा भरीवपणा येतो आणि पुढे जाताना हालचालही कमी होते. हे दोन स्वर आलटून पालटून, अगदी संथ लयीत, मध्ये श्वास न तोडता वाजवावेत.

परंतु बोटांच्याही आधी येतो तो श्वास. गवई ज्याप्रमाणे पहाटे खर्ज भरतो, त्याप्रमाणे क्लॅरिओनेटवाल्याने खालच्या सप्तकातले दीर्घ स्वर भरले पाहिजेत. खांदे न उचलता, बरगड्या आणि पोट फुलवून श्वास घ्यावा. मनात आठ मात्रा मोजत एकच स्वर आरंभापासून अखेरपर्यंत सारखा धरावा. मग तोच स्वर हळू सुरू करून वाढवावा आणि पुन्हा उतरवावा. हे करताना एक गोष्ट कानाने तपासावी. या वाद्यावर जोर वाढला की सूर किंचित उतरू पाहतो आणि नाजूक वाजविले की चढू पाहतो; बासरीच्या नेमके उलट. वरातीत अखंड जोराने फुंकणाऱ्याचा सूर बेसूर वाटतो, त्याचे एक कारण हेच होय.

आता ओठांविषयी. खालचा ओठ खालच्या दातांवर हलकेच दुमडावा, वरचे दात माउथपीसवर टेकवावेत, ओठांचे कोपरे घट्ट आणि हनुवटी सपाट ठेवावी. गाल फुगवू नयेत. पुष्कळजण उंच स्वर काढण्यासाठी दातांनी रीड चावतात. त्यामुळे रीडचे कंपन गुदमरते, सूर बारीक होतो आणि ओठ सोलवटतो. उंच स्वर दाबाने येत नाही. तो वेगवान, अखंड श्वासाने येतो.

रीड म्हणजे बोरूच्या जातीच्या वनस्पतीची तासलेली पट्टी. दक्षिण फ्रान्समधील वार प्रांत तिच्यासाठी विख्यात आहे. तासन्‌तास वाजवायचे असल्यामुळे वादक फार मऊ रीड पसंत करतात, कारण ती ओठांना सोपी पडते. पण तिच्यावर वरचे स्वर चिरकतात आणि नादाला अंग राहत नाही. फार कडक रीडही घातकच, कारण तिच्यावर नुसता वारा ऐकू येतो. मध्यम रीड निवडावी, तीनचार रीडी आलटून पालटून वापराव्यात, वाजविण्यापूर्वी ओल्या कराव्यात आणि नंतर पुसून सपाट काचेवर वाळवाव्यात. लाकडी वाद्य थंडीत एकाएकी जोराने फुंकू नये. आत ऊब आणि बाहेर गारवा यांमुळे ते तडकते. वाजवून झाल्यावर आतला ओलावा कापडाने टिपून घ्यावा.

हे सारे कोणासाठी, असे कोणी विचारील. बँडमधल्या तरुण मुलाला आठवड्याभरात चार नवी गाणी बसवायची असतात; दीर्घ स्वर भरीत बसायला त्याला सवड कोठली? माझे म्हणणे इतकेच आहे की, रोज अर्धा तास उपलब्ध असेल तर त्यातली पहिली दहा मिनिटे दीर्घ स्वरांना, दुसरी दहा त्या अवघड उडीला आणि उरलेली दहा गाण्याला द्यावीत. गाणे त्यामुळे मागे पडणार नाही. उलट लवकर बसेल, कारण चुकणारी जागा बहुधा तीच असते. चाल लोक पुढच्या हंगामात विसरतात आणि नवी मागतात. कमावलेला सूर मात्र वादकाजवळ राहतो, आणि तोच त्याची भाकर आणि अब्रू, दोन्ही राखतो.