कुशिंगचा विकार आणि घरचे ताट
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा मधुमेह व रक्तदाब हे नेहमीचे विषय बाजूस ठेवून मी एक कमी परिचित विकार निवडला. मी वैद्य नव्हे, सेवानिवृत्त शिक्षक आहे. परंतु या विकाराच्या रुग्णाचे ताट काही वर्षे आमच्या घरी वाढले गेले. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारे कोर्टिसोल हे द्रव्य जीवनास अवश्य आहे. मात्र ते दीर्घकाळ प्रमाणाबाहेर राहिले की चेहरा वाटोळा होतो, पोट सुटते, हातपाय काटकुळे होतात आणि जराशा धक्क्याने कातडीवर काळेनिळे डाग उमटतात. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली या लक्षणांचा संबंध मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील गाठीशी जोडून दाखविला, म्हणून विकारास त्यांचे नाव मिळाले. अशी गाठ विरळाच. स्टिरॉइड औषधांचे दीर्घ सेवन हेच त्याचे सर्वांत मोठे कारण होय.

आमच्या भावजयीचे तेच झाले. गुडघेदुखीवर बाजारातून आणलेल्या, नावगाव नसलेल्या पुड्या तिने दोन वर्षे घेतल्या. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असावे, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले. मधल्या काळात तिला काय ऐकावे लागले! "बसून खाते, म्हणून फुगली," हेच सासरी आणि हेच माहेरी. बिचारीने जेवण निम्म्यावर आणले, आठवड्यास दोन उपवास धरले. वजन उतरले नाही. उतरले ते अंगातील बळ. कोर्टिसोल मुळातच स्नायू झिजवते. त्यात डाळ आणि दूध तुटले की झीज वाढते. उपवासाच्या खिचडीतून शेंगदाणे वगळले, तर राहते ते बहुतांशी पिष्ट. आणि या विकारात रक्तातील साखर चढण्याकडेच कल असतो.

म्हणून रुग्णाचे पोट मारू नये, पानातील पदार्थ बदलावे. भाताची मूद लहान करून वरण घट्ट वाढावे. उसळ, ताक, खाणाऱ्यांच्या घरी अंडे किंवा ताजी मासळी असावी. हाडे ठिसूळ होतात, यास्तव नाचणीची भाकरी नित्य ठेवावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. साखर, गूळ व मैदा यांना आवर घालावा. मद्य तर नकोच.

सर्वांत कठीण प्रकरण मिठाचे. कोर्टिसोल वाढले की शरीर मीठ व पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब चढतो. निरोगी माणसासही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपले लोणचे, पापड, खारे शेंगदाणे व सुकट हे त्याखेरीज! "सैंधव चालते" ही समजूतही सोडावी. सैंधव हेही मीठच. लिंबू, कोकम, जिरे, आले यांनी चव राखता येते. भावजयीस अळणी आमटीची सवय व्हायला दीड महिना लागला.

पोटॅशियम कमी होते म्हणून केळे, शहाळे द्यावे असे कोणी सुचवील. सामान्यतः ते योग्य आहे. पण मूत्रपिंड दुबळे असल्यास, अथवा पोटॅशियम राखून ठेवणारे औषध चालू असल्यास, तेच घातक ठरू शकते. डॉक्टरांना आधी विचारावे. खोकल्यावर घरोघरी चघळला जाणारा ज्येष्ठमध या रुग्णास मुळीच देऊ नये. त्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम आणखी घटते.

आहाराने शरीर तग धरते, मूळ विकार जात नाही. आणि हे ऐकून घरी जाऊन कोणी स्टिरॉइडची गोळी एकदम बंद करू नये. दीर्घ सेवनाने आपल्या ग्रंथी निजलेल्या असतात. औषध अचानक तुटल्यास प्राणावर बेतते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावे लागते. भावजयीस त्यास आठ महिने लागले.

आजच्या पंगतीत लोणचे-पापड सरसकट न वाढता मागणाऱ्यासच द्यावे, अशी विनंती मी वाढप्यांना सकाळीच केली आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी संकोच न करता मागून घ्यावे.