नकाशावर नसलेल्या गल्ल्या



मी स्थापत्य अभियंता. एका महापालिकेच्या पाणीपुरवठा आणि ड्रेनेज विभागांत माझी नोकरी झाली. तुमच्यातले बरेच जण डिप्लोमा करताहेत, काही कॉम्प्युटर शिकताहेत. म्हणून महापालिकेच्या कामात संगणक आला तर तो आपल्या मोहल्ल्याच्या उपयोगी कसा पडेल, एवढंच आज बोलणार आहे.

आपल्या शहरांत जमिनीखाली काय आहे, हे कागदावर कमी आणि माणसांच्या डोक्यात जास्त असतं. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवला की कोणत्या गल्लीत पाणी जातं, हे चावीवाल्याला ठाऊक. तो निवृत्त झाला की ही माहितीही त्याच्याबरोबर घरी जाते. मग खोदकामात लाइन फुटते, गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं आणि वस्तीत कावीळ पसरते.

यावर उपाय आहे जीआयएस. यात नकाशावरच्या प्रत्येक पाइपला आणि चेंबरला त्याची माहिती जोडलेली असते. व्यास किती, खोली किती, कधी टाकला, शेवटची दुरुस्ती कधी झाली. पण नुसतं सॉफ्टवेअर विकत घेऊन हे होत नाही. उपग्रहाला छपरं दिसतात, पाइप दिसत नाहीत. आमच्याकडे नकाशा खरा झाला तो चावीवाला, कनिष्ठ अभियंता आणि संगणक जाणणारा मुलगा एकत्र गल्लीत फिरले तेव्हाच.

पुण्याचं उदाहरण घ्या. १९९०च्या दशकात तिथं काही वास्तुविशारदांनी शेल्टर असोसिएट्स ही संस्था सुरू केली. त्यांनी वस्त्यांचं घरोघरी सर्वेक्षण केलं, वस्तीतल्या लोकांना सोबत घेतलं आणि माहिती जीआयएसवर चढवली. कोणत्या घरात शौचालय नाही आणि ड्रेनेज लाइन कुठपर्यंत आली आहे, हे एकाच नकाशावर दिसू लागलं. पुढे संस्थेनं साहित्य दारात पोचवलं आणि कुटुंबांनी बांधकाम करून घेतलं. वास्तुविशारद, पालिका आणि रहिवासी यांपैकी एकालाही हे एकट्यानं जमलं नसतं.

आता आपल्याकडे वळू. ज्या गल्लीची लाइन नकाशावर नाही, तिच्या कामाचं अंदाजपत्रक अभियंता कशाच्या आधारावर करणार? मोहल्ल्यातली फाइल अनेकदा इथंच अडते. आणि सर्वेक्षणाला कुणी आलं की आपल्याकडे दारं बंद होतात. ही भीती उगाच नाही. गेल्या काही वर्षांत कागदपत्रांच्या चर्चेनं घराघरात धास्ती बसली आहे. पण पाइपच्या नकाशाला माणसाचं नाव, धर्म किंवा कागद लागत नाही. लागते ती चेंबरची जागा आणि लाइनची खोली. काय नोंदवलं जातंय आणि काय नाही, हे आधी लेखी मागून घ्या, मोहल्ल्यात मराठीत आणि उर्दूत वाचून दाखवा. तो विश्वास बाहेरचा अभियंता निर्माण करू शकत नाही. तुम्ही करू शकता.

कायदाही तुमच्या बाजूला आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ यातलं कलम ४ वाचा. संगणकीकरणायोग्य नोंदी संगणकावर आणणं, हे कर्तव्य त्यानं सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकलं आहे. आपल्या प्रभागाच्या ड्रेनेज लाइनचे नकाशे मागा. ‘उपलब्ध नाहीत’ असं उत्तर आलं, तर त्याच उत्तराची प्रत घेऊन शहर अभियंत्यांकडे जा आणि म्हणा, ‘आम्ही मदत करतो, तुमचा माणूस द्या.’

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. मोबाइलमध्ये जीपीएस आहेच. डिप्लोमावाल्यांनी मोजमाप घ्यावं, कॉम्प्युटरवाल्यांनी ते चढवावं, आणि पालिकेच्या अभियंत्यांनी तपासून सही करावी. सही महत्त्वाची, कारण तिच्याशिवाय तो नकाशा सरकारी कामात चालत नाही.

आणि सुरुवात तुमच्या भागातल्या चावीवाल्यापासून करा. त्याच्या निवृत्तीला किती महिने राहिलेत, ते उद्याच विचारा.