पत्ता नसलेल्या माणसाची दाढ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे. तरीही आज दाढदुखीवर बोलायला उभा आहे, त्याला तसेच कारण घडले.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली. बँका अत्यावश्यक सेवेत असल्याने आम्ही कामावर जात होतो. आमच्या शाखेच्या पायरीशेजारी एक वयस्कर गृहस्थ रात्री झोपत. एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांचा गाल सुजलेला दिसला. मी वेदनाशामक गोळ्यांची पट्टी त्यांच्या हाती ठेवली आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात काउंटरवर जाऊन बसलो. त्याच आठवड्यात माझीही दाढ ठणकू लागली. मी ओळखीच्या दंतवैद्यांना फोन केला. त्यांनी औषध सांगितले, मी विकत आणले. माझ्यापाशी फोन, पैसे आणि पोलिसांना दाखवायला ओळखपत्र होते. त्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते. पुढच्या सोमवारी ती जागा रिकामी होती. ते कुठे गेले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

मित्रहो, त्या वेळी दातांचे दवाखाने विनाकारण बंद नव्हते. दात कोरण्याचे यंत्र फिरताना थुंकीचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि त्यातून संसर्गाचा धोका असतो. मे 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रात दवाखाने बंद, रेड झोनमध्ये केवळ तातडीचे उपचार आणि शक्य तेथे फोनवर सल्ला, असे त्यांचे स्वरूप होते. इंग्लंडमध्येही 25 मार्च ते 8 जून 2020 या काळात नेहमीचे दंतोपचार थांबले होते. तेथे बेघरांना हॉटेलांत खोल्या मिळाल्या. परंतु दंतोपचाराची वाट तेथेही फोनवरूनच जात होती. खबरदारी योग्यच होती. मात्र ज्याच्याकडे फोनच नाही, त्याने विचारायचे कोणाला?

2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजार बेघर मोजले गेले. चूळ भरायला स्वच्छ पाणी नाही, ब्रश ठेवायला जागा नाही, दुखले की तंबाखू किंवा मिश्री दाबायची, अशी त्यांची स्थिती असते. गोळीने ठणका थांबतो, पण मुळाशी साचलेला पू जात नाही. सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर जिवावर बेतते. अशा वेळी गोळी न देता तात्काळ रुग्णालयात न्यावे लागते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आपल्या मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आहे, महापालिकेच्या नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. पण केसपेपरवरील 'पत्ता' या रकान्यापाशी फूटपाथवरचा माणूस अडखळतो आणि परत फिरतो. म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. महिन्यातून एक सकाळ द्या. अशा एका माणसासोबत रांगेत उभे राहा, त्याचा केसपेपर भरा. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम दिसली, तरी त्याला तपासणीस न्या. मंडळाने एक मोबाइल आणि दंतवैद्यांच्या क्रमांकांची वही यासाठी राखून ठेवावी. पुन्हा साथ आली, तर निदान फोन करणारा कोणीतरी असेल.

मी पट्टी दिली, पण सोबत गेलो नाही. ही चूक आपण करू नये, एवढ्यासाठीच हे सांगितले.

जयभीम!