इंग्रज प्रवाशांचा जपान : साक्ष कशी वाचावी

जपानचा इतिहास म्हटला कीं शोगून, सामुराई आणि मिकाडो डोळ्यांपुढें येतात. चिखलांत भात लावणारी रयत दप्तरांत सांपडते ती बहुधा साऱ्याच्या आकड्यांत. ती काय खाई, तिचीं पोरें कशानें आजारी पडत, हें रोजचेंच. तें मुद्दाम कोण लिहून ठेवणार? परक्याला मात्र सगळेंच नवें, म्हणून तो लिहितो. इंग्रज प्रवाशांच्या पुस्तकांकडे आम्ही वळलों तें यासाठीं.

१८७८ च्या जूनमध्यें इझाबेला बर्ड ही सेहेचाळीस वर्षांची बाई तोकियोहून उत्तरेस निघाली. सोबत इतो नांवाचा जवान दुभाष्या, आणि बसायला भाड्याचें घोडें. निक्को ओलांडून, डोंगरांतल्या खेड्यांतून ती थेट होक्काइदो बेटावर पोंचली. बहिणीला धाडलेल्या पत्रांतून १८८० सालीं तिचें दोन भागांचें पुस्तक झालें. त्यांत धुरानें काळीं झालेलीं घरें आहेत, पिसवा आहेत, खरजेनें भरलेलीं पोरें आहेत, आणि कागदी दारांना भोकें पाडून गोरी बाई बघणारी गर्दीहि आहे. पण वाटेंत एक वादी पडली, तेव्हां ती शोधायला घोडेवाला कोसभर मागें गेला आणि दिलेले पैसे घेईना, हेंहि तिनेंच लिहिलें आहे.

आतां दुसरा साक्षीदार. ब्रिटिश वकील रुदरफोर्ड अल्कॉक १८६० सालीं फुजी पर्वत चढून इझू प्रांतांत गेला. त्याला तेथली रयत सुखी, भरल्या घरची दिसली. दोघांपैकीं खोटें कोण? आमच्या मतें कोणीच नाहीं. बाई ऐन पावसाळ्यांत गरीब डोंगरी मुलखांतून गेली. त्याच बाईनें योनेझावाच्या मैदानाला नंदनवन म्हटलें आहे. अल्कॉकच्या मागेंपुढें सरकारी माणसें होतीं. साहेबाची फेरी येणार म्हणून गांव कसें झाडून निघतें, हें खेड्यांतल्या माणसाला आम्हीं काय सांगावें! म्हणून साक्षीदार कोठें उभा होता, कोणत्या हंगामांत, आणि कोणाच्या तोंडून ऐकत होता, एवढें आधीं विचारावें. जपानी लोकांनीं हीं पुस्तकें रागानें फेकून दिलीं नाहींत. लोकजीवनाचे थोर अभ्यासक मियामोतो त्सुनेइची यांनीं बर्डबाईच्या पुस्तकावर व्याख्यानें दिलीं.

मात्र खरी कसोटी होक्काइदोंत लागते. तेथील ऐनू लोक जपान्यांहून निराळे. त्यांच्या भाषेला लिपि नव्हती. बाई बिरातोरी गांवीं मुखिया पेन्री याच्या झोंपडींत राहिली आणि शेकोटीपाशीं बसून त्यांचे देव, लग्नें, मर्तिकें विचारून घेतलीं. ऐनू बोलला कीं त्याचें जपानी होई, मग इतो त्याचें इंग्रजी करी. आणि इतो तर ऐनूंना माणसांत धरीत नसे! अशा दोन गाळण्यांतून काय गळालें असेल? शिवाय सांगणाऱ्यांनीं हात जोडून विनविलें कीं, आम्हीं आमच्या चालीरीति सांगितल्या हें जपानी सरकारला कळूं देऊं नका, आमचें बरेंवाईट होईल. बाईनें तें ऐकलें आणि पुस्तकांत छापलेंहि. आम्हांस हें वाक्य सगळ्या पुस्तकांत मोलाचें वाटतें, कारण चालीरीतींहून अधिक तें त्यांच्या भीतीविषयीं सांगतें.

ऐनूंचीं गाणीं ऐनू मुलीच्याच हातून छापून निघायला १९२३ साल उजाडलें. चिरी युकिए हिनें तीं रोमन लिपींत मांडून जपानी भाषांतर केलें. पुस्तक निघालें तेव्हां ती हयात नव्हती. आदल्या वर्षीं, एकोणिसाव्या वर्षीं ती वारली होती.