तंबूतून वाईला

सुट्टीत आम्ही धोम धरणाकाठी तंबूत राहिलो. दुसऱ्या दिवशी सगळे वाईला गेलो. ढोल्या गणपती झाला, मग मेणवलीचा घाट. तिथली घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली, हे मुलांना सांगायची मला कोण हौस!

सासूबाई मात्र गप्पच. खानावळीत शिरताच हळूच म्हणाल्या, "इथे संडास असेल का गं?" तंबूपाशी आडोसा नाही म्हणून आदल्या दुपारपासून त्या पाणीच पीत नव्हत्या. आणि मी त्यांच्या शेजारीच झोपले होते!

मग बाजारातून दोन जाड चादरी नि सुतळी घेतली. संध्याकाळी ह्यांनी खड्डा खणला, मी झाडांना चादरी बांधल्या. जेवताना सासूबाईंनी तांब्या स्वतःकडे ओढून घेतला.