तुर्कानाचे मासे, मुंबईच्या गोळ्या



आफ्रिकेला जाणाऱ्या परदेशी मदतीवर बोलणार म्हटल्यावर एक स्नेही म्हणाले, "त्यात व्याख्यान कसलं? तिथले पुढारी पैसे खातात, संपलं!" हे उत्तर फारच सोयीचं आहे. म्हणून मी सुरुवात अशा गोष्टीनं करतो, जिच्यात चोर शोधायची गरजच पडत नाही.

केनियाच्या वायव्येला तुर्काना सरोवर आहे. भोवती रखरखाट. तिथले तुर्काना लोक मुख्यतः गुरं, उंट, शेळ्या राखणारे. 1971 मध्ये नॉर्वेनं तिथं मासळी गोठवण्याच्या कारखान्याची योजना आखली. हेतू चांगला, आणि मासळीतलं नॉर्वेला कुणी शिकवायला नको. सुमारे 2.2 कोटी डॉलर खर्चून कारखाना उभा राहिला आणि जेमतेम काही दिवस चालला. त्या उन्हात मासे गोठवायची वीज आणि स्वच्छ पाणी माशांपेक्षा महाग पडलं. पुढे सरोवराचं पाणी मागे हटलं, त्याचं फर्ग्युसनचं आखात कोरडं पडलं. दुष्काळात जनावरं गमावून किनाऱ्याला आलेल्यांच्या हाती मग मासेही उरले नाहीत. धनगराच्या दारात होडी नेऊन बांधावी, तशातली ही गत.

चोराचीही गोष्ट आहेच. झाइरचा हुकूमशहा मोबुतू याच्या मध्यवर्ती बँकेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं एर्विन ब्लुमेन्थाल नावाचा जर्मन अधिकारी बसवला होता. इथं दिलेला पैसा परत येणार नाही, असं त्यानं 1982 च्या अहवालात लिहून दिलं. तरी कर्जं मिळतच राहिली, कारण शीतयुद्धात मोबुतू पाश्चात्त्यांच्या बाजूचा होता. माझ्या मते ते त्याच्या निष्ठेचं भाडं होतं. त्याला मदत म्हणायचं आणि मग मदत वाया गेली म्हणून रडायचं, हे मला पटत नाही.

आता आपल्या दारातली गोष्ट. 2000 च्या सुमाराला एड्सच्या औषधांचा वर्षाचा खर्च रोग्यामागे दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत माणसं मरत होती, आणि औषध अस्तित्वात असून मरत होती. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या 'सिप्ला'चे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही! आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या कृतीला संरक्षण होतं, औषधाला नव्हतं; म्हणून हे जमलं. 2003 मध्ये अमेरिकेनं एड्सच्या उपचारासाठी 'पेपफार' ही मदत योजना काढली. सुरुवातीला तिचा पैसा महागड्या नाममुद्रांवरच जाई. पुढे सिप्लासारख्यांच्या स्वस्त औषधांना दारं उघडली आणि त्याच पैशात कितीतरी जास्त माणसांना गोळ्या मिळू लागल्या. या योजनेमुळे अडीच कोटी जीव वाचले, असं अमेरिकी सरकार सांगतं. आकड्यावर वाद घाला हवं तर. पण गोळी रोग्याच्या पोटात जात होती, हे खरं.

'फुकट ते पौष्टिक' असं आपण कुचेष्टेनं म्हणतो. फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही, हे तर मदत देणाऱ्यांचंही आवडतं तत्त्व. जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा या अर्थतज्ज्ञांनी ते केनियातल्या गरोदर बायकांच्या दवाखान्यांत तपासलं. मच्छरदाणी फुकट न देता साठ सेंट लावले, तर घेणाऱ्यांचं प्रमाण साठ टक्के-अंकांनी घसरलं. आणि पैसे मोजणाऱ्या बायका ती जास्त नेमानं वापरत होत्या, असंही दिसलं नाही.

झांबियाच्या अर्थतज्ज्ञ डॅम्बिसा मोयो यांनी 2009 च्या 'डेड एड' या पुस्तकात मदतच बंद करा म्हटलं. बाहेरून पैसा येत राहिला की सरकार जनतेऐवजी दात्याकडे बघतं, हा त्यांचा मुद्दा. रोग त्यांनी बरोबर ओळखला. उपाय मात्र भलताच. तो 2025 मध्ये बघायला मिळाला. 20 जानेवारीला अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली, 1 जुलैला ती मदत वाटणारी 'यूएसएड' ही संस्थाच मिटवली. रोजची गोळी घेणाऱ्याला वाट पाहा म्हणता येत नाही.

आणि तरी मोयोबाईंचा मुद्दा सुटत नाही. एप्रिल 2001 मध्ये, हमीदांच्या त्या देकारानंतर दोनच महिन्यांनी, आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांनी नायजेरियात अबुजाला शपथ घेतली होती, की अर्थसंकल्पाचे 15 टक्के आरोग्यावर खर्चू. बहुतेकांनी ती पाळली नाही. अमेरिकेचा हात आखडल्यावर, फेब्रुवारी 2025 मध्ये, त्याच अबुजातल्या संसदेनं आरोग्यासाठी जादा 20 कोटी डॉलर मंजूर केले. काही आठवड्यांत.